पुण्यात नवीन राहायला आलात का? कचरा, झाड, राडारोडा आणि महापालिकेची कामं

आमच्या सोसायटीत दर दोन-तीन महिन्यांनी एखादं नवीन कुटुंब राहायला येतं आणि पहिल्याच आठवड्यात त्यांचे ठरलेले प्रश्न सुरू होतात, कचरा किती वाजता नेतात, बाल्कनीसमोरचं झाड तोडायला कोणाला सांगायचं, टाईल्स बदलायच्यात तर परवानगी लागते का, आणि हे सगळं विचारायचं कोणाला. मी मूळचा लातूरचा, पुण्यात बारा वर्षं झाली, आणि सोसायटीचा सेक्रेटरी झालो कारण त्या मीटिंगला मी उशिरा पोचलो आणि तोपर्यंत माझं नाव लिहून झालं होतं. प्रत्येकाला जिन्यात उभं राहून तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी हद्द बघा

बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं पुणे म्हणजे पुणे, एकच शहर एकच महापालिका. तसं नाहीये. पुणे महापालिका वेगळी, पिंपरी-चिंचवड वेगळी, पुणे कॅन्टोन्मेंट (म्हणजे आपण ज्याला कॅम्प म्हणतो तो बराचसा भाग) वेगळं, खडकी कॅन्टोन्मेंट वेगळं, आणि या सगळ्याच्या बाहेर पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि ग्रामपंचायती. मुळा नदी लक्षात ठेवली तर अर्धं काम होतं. औंध आणि बालेवाडी पुण्यात, पण पूल ओलांडून सांगवीत किंवा वाकडला गेलात की पिंपरी-चिंचवड. बोपोडी पुण्यात, समोरची दापोडी पिंपरी-चिंचवडात. हिंजवडीला राहत असाल तर हे लिहितोय तोवर तरी तुम्ही दोन्ही महापालिकांच्या बाहेर आहात, मग ऑफिसच्या पत्त्यावर पुणे लिहिलेलं असू द्या. माझ्या एका मित्राने वाकडमधल्या खड्ड्याची तक्रार तीन महिने पुणे महापालिकेकडे केली आणि वर 'पुण्यात कोणी ऐकत नाही' म्हणून चिडचिड, अरे बाबा तू पुण्यात नाहीच आहेस.

पुणे महापालिकेची हद्दसुद्धा हलती आहे. २०१७ साली ११ गावं आत घेतली, २०२१ साली आणखी २३ गावं (वाघोली, सूस, म्हाळुंगे ही त्यातलीच), आणि नंतर फुरसुंगी आणि उरुळी देवाची परत बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. म्हणून शेजारचे काका काय सांगतात त्यावर जाऊ नका, मिळकतकराचं बिल काढा, वर नाव कोणाचं छापलंय ते बघा. भाड्याने राहत असाल तर घरमालकाला म्हणायचं बिलाचा एक फोटो पाठवा.

हद्द पुणे महापालिकेची निघाली की पुढचा प्रश्न, क्षेत्रीय कार्यालय कुठलं. अशी १५ आहेत, औंध-बाणेर, कोथरूड-बावधन, वारजे-कर्वेनगर, सिंहगड रोड, हडपसर-मुंढवा, येरवडा-कळस-धानोरी वगैरे. लोक त्याला वॉर्ड ऑफिसच म्हणतात. शिवाजीनगरच्या मुख्य इमारतीत जायची गरज क्वचित पडते, नव्वद टक्के कामं वॉर्ड ऑफिसात होतात, त्यामुळे सुट्टी टाकून तिकडे चकरा मारू नका. आणि एक काम पहिल्याच आठवड्यात करा, तुमच्या भागाचा मुकादम (सफाई कामगारांवर देखरेख ठेवणारा) कोण आणि आरोग्य निरीक्षक कोण ते विचारून दोघांचे नंबर मोबाईलमधे सेव्ह करा. आरोग्य निरीक्षक म्हणजे डॉक्टर नाही, कचरा-सफाई बघणारा माणूस.

पोच

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे. पुण्याच्या आधी मी ज्या शहरात होतो (नाव घेत नाही) तिथे मी माझा पहिला अर्ज दिला तो टेबलावरच्या माणसाला हातात दिला. तो म्हणाला 'ठेवा, बघतो', मी ठेवला आणि आलो. पाच आठवड्यांनी गेलो तर असा अर्जच नाही. टेबलावर दुसरा माणूस, पहिला बदलून गेलेला, आणि माझ्याकडे दाखवायला काय, तर काही नाही. चूक माझीच होती हे मला नंतर एका रिटायर्ड क्लार्कने समजावलं.

तर अर्ज कायम दोन प्रतीत करायचा. तो टेबलावर द्यायचा नाही, आवक-जावक, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांची नोंद, जिथे असतं तिथे द्यायचा. एक प्रत ते ठेवतात, दुसरीवर शिक्का मारून तारीख आणि आवक क्रमांक टाकून परत देतात, तीच पोच. शिक्का मारला पण नंबर नाही टाकला तर तिथेच उभं राहून 'साहेब नंबर' म्हणायचं, लाजायचं नाही. घरी येईपर्यंत तिचा फोटो काढायचा कारण त्या शिक्क्याची शाई इतकी फिकी असते की पावसात भिजली तर संपलं. ऑनलाईन अर्ज केला तर टोकन नंबर हीच पोच, त्याचा स्क्रीनशॉट.

कचरा

नियम देशभराचा आहे, घनकचरा व्यवस्थापन नियम, आधी २०१६ चे होते, १ एप्रिल २०२६ पासून नवे २०२६ चे, आणि वेगळं करण्याची जबाबदारी त्यात घरावर टाकलेली आहे, कचरा नेणाऱ्यावर नाही. २०१६ च्या नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग होते, मी तेव्हाही नवीन लोकांना सरळ चार करा म्हणून सांगायचो, सॅनिटरी कचरा चौथा, आणि नव्या नियमांत आता चारच आहेत.

आपल्याकडे दारातून कचरा नेण्याचं काम बऱ्याच भागात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या महिला करतात. ही कचरावेचकांची स्वतःची संस्था आहे, १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत सुरू झाली त्यातून पुढे ही उभी राहिली, आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून काम करते. म्हणजे येणाऱ्या ताई महापालिकेच्या पगारी नोकर नाहीत. तुम्ही महिन्याचे जे पैसे देता ते आणि सुक्या कचऱ्यातून निघणारं भंगार विकून जे येतात ते, ही त्यांची कमाई. एवढं कळलं की सुका कचरा कोरडा का हवा हे वेगळं सांगावं लागत नाही.

मी एकदा सकाळी गेटपाशी थांबून बघितलं. एका फ्लॅटमधून एकच मोठी पिशवी आलेली, गाठ मारलेली. ताईंनी ती खाली फरशीवर उलटी केली, वरणात भिजलेला पुठ्ठ्याचा खोका, दुधाच्या पिशव्या, केळीची सालं, त्यात एक डायपर आणि तळाला फुटलेल्या काचेच्या बरणीचे तुकडे. खोका ओला झाला म्हणजे रद्दीत कवडीची किंमत नाही. काच दिसल्यावर त्यांनी हात मागे घेतला आणि मग पुढचं सगळं काडीने उकरत बसल्या. त्या दिवशी मी जिन्यात नोटीस लावली, जिचा फार उपयोग झाला नाही, मग दारोदार जाऊन सांगितलं, त्याचा झाला.

करायचं काय ते ऐका. ओल्यासाठी झाकणाची बादली, आत प्लास्टिकची पिशवी नको, हवं तर जुना पेपर घाला. दुधाच्या पिशव्या आणि पार्सलचे डबे एकदा पाण्यातून काढून वाळवून सुक्यात. सॅनिटरी पॅड आणि डायपर वेगळे पेपरमधे गुंडाळून त्यावर लाल पेनाने मोठा ठिपका, ही लाल ठिपक्याची पद्धत इथल्या कचरावेचक महिलांनीच सुरू केली, ठिपका दिसला की त्या पुडकं उघडत नाहीत. काच फुटली तर जाड कागदात बांधून हातात द्या आणि तोंडाने सांगा 'ताई काच आहे'. ट्यूबलाईट, सेल, मुदत गेलेली औषधं, रंगाचे डबे हे एका खोक्यात साठवत राहा आणि वेगळं द्या. जुने चार्जर, मोबाईल वगैरे ई-कचऱ्यात, त्याची संकलन शिबिरं होत असतात, तोपर्यंत खाऊ देत ड्रॉवरमधे धूळ.

मोठ्या सोसायटीत फ्लॅट घेताय तर अजून एक विचारून घ्या. रोज १०० किलोच्या वर कचरा करणारी सोसायटी या नियमांत मोठी कचरा निर्माती धरली जाते आणि ओला कचरा तिने शक्यतो आवारातच जिरवायचा असतो. बिल्डर कोपऱ्यात खताचे हौद बांधून देतो, फोटो काढतो आणि जातो. ते हौद चालू आहेत का हे फ्लॅट बघायला जाल तेव्हा झाकण उघडून बघा. आत कोरडा सिमेंटचा तळ दिसला तर ओळखा.

पालापाचोळा जाळू नका आणि वॉचमनला जाळू देऊ नका. सकाळी थंडीत शेकोटी म्हणून तो पानं पेटवतो आणि वरच्या मजल्यावर दम्याची आजी खोकत बसते. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ सालीच साध्या प्रकाराला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० रुपये असा दंड ठरवून दिलाय. प्लास्टिकच्या पिशव्यांचंही तेच, राज्यात २३ मार्च २०१८ पासून बंदी आहे, पहिल्या वेळेला ५,००० रुपये, आणि मंडईत भाजी घेताना 'पिशवी द्या की' म्हणणारे आपणच असतो.

झाड

इथे नवीन माणूस हमखास चुकतो. गावाकडे अंगणातलं झाड आपलं, फांदी आड आली की कोयता काढला आणि तोडली. शहरात तसं नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ हा कायदा आहे आणि तो खाजगी जागेतल्या झाडालासुद्धा लागू आहे. झाड तुमच्या सातबाऱ्यावर असो नाहीतर सोसायटीच्या कंपाउंडमधे, तोडायला परवानगी, आणि फांद्या छाटायलाही परवानगी. विनापरवाना तोडलं तर दंड आहेच, कायद्यात कैदसुद्धा आहे.

आमच्याकडे हे झालेलं आहे. मी सेक्रेटरी व्हायच्या आधीची गोष्ट, पार्किंगवर गुलमोहराची एक फांदी आलेली, मे महिन्यात गाड्यांच्या काचांवर लाल पाकळ्यांचा थर, दोन-तीन जणांची कुरकुर. वॉचमनच्या ओळखीचा एक माणूस रविवारी सकाळी दोरी-कोयता घेऊन आला. सांगितली होती एक फांदी, याने म्हणे तोल राहावा म्हणून दुसऱ्या बाजूच्या तीन काढल्या, आणि दुपारी बघतो तर झाडाचा नुसता खुंट उभा, वर चार पानं. समोरच्या बिल्डिंगमधल्या कोणीतरी फोटो काढून तक्रार केली. दोन दिवसांनी उद्यान विभागाची माणसं आली, पंचनामा केला, चेअरमनच्या नावाने नोटीस, खुलासा, दंड. चेअरमन काका ७१ वर्षांचे, आयुष्यात कधी सिग्नल तोडला नाही, ते त्या नोटिशीकडे बघत होते ते मला अजून आठवतं. तोडणारा ७०० रुपये घेऊन केव्हाच गेलेला.

आता बरोबर पद्धत सांगतो. आधी ठरवा छाटणी हवीय की पूर्ण तोड. लोक अर्जात 'झाड काढणे' असं मोघम लिहितात आणि मग पाहणीला आलेला माणूस गोंधळतो. फांदी घराला लागतेय, विजेच्या तारेला लागतेय, वाळलीय तर छाटणी मागा, ती सोपी पडते. तारेचा प्रश्न असेल तर महावितरणलाही कळवा, तारेजवळ कोणालाही चढवू नका.

मग झाडाचे फोटो काढा, एक लांबून, संपूर्ण झाड दिसेल असा, एक बुंध्याचा, आणि जी फांदी धोक्याची वाटते तिचा जवळून. झाडाचं नाव लिहा, माहीत नसेल तर कोणा माळ्याला विचारा. सोसायटी असेल तर कमिटीचा ठराव जोडायचा, स्वतंत्र घर असेल तर मिळकतकराच्या बिलाची झेरॉक्स, आणि कागदावर हाताने काढलेला साधा नकाशा, गेट कुठे, झाड कुठे, भिंत कुठे. अर्ज महापालिकेच्या वेबसाईटवरून करता येतो, वॉर्ड ऑफिसातल्या उद्यान विभागाकडे कागदावरही देता येतो.

मजकूर फार सजवू नका. आम्ही दिलेला असा होता:

'प्रति, मा. वृक्ष अधिकारी, उद्यान विभाग. विषय : सोसायटीच्या आवारातील गुलमोहराच्या वाळलेल्या फांदीची छाटणी करण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, आमच्या सोसायटीच्या पार्किंगलगत गुलमोहराचे एक झाड असून त्याची पूर्वेकडील एक फांदी वाळलेली आहे. खाली मुले खेळतात. पावसाळ्यापूर्वी सदर फांदीची छाटणी होणे आवश्यक आहे. झाड तोडावयाचे नाही. तरी पाहणी करून परवानगी द्यावी ही विनंती.'

'मिळणेबाबत' हा शब्द विसरू नका हां, 'मिळण्याबाबत' लिहिलं तर अर्ज चालत नाही असं नाही, पण सरकारी मराठीत 'मिळणेबाबत, होणेबाबत, करणेबाबत' यांनी वाचणाऱ्याला घरी आल्यासारखं वाटतं. 'झाड तोडावयाचे नाही' हे वाक्य मी मुद्दाम घातलं होतं, आमचा इतिहास त्यांना माहीत होता.

अर्ज दिल्यावर उद्यान विभागाचा माणूस पाहणीला येतो. त्या दिवशी कोणीतरी घरी असा आणि त्याला झाडाजवळ घेऊन जा, नाहीतर तो गेटवरून बघून जाईल आणि शेरा त्यावरच पडेल. पूर्ण तोड मागितली असेल तर प्रकरण लांबतं, झाडावर नोटीस लागते, जाहीर सूचना निघते, लोकांच्या हरकती येऊ शकतात, आणि त्या आल्या तर त्या ऐकून निर्णय होतो. २०२१ साली कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष धरलं जातं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवीन झाडं लावायची. म्हणजे ३० वर्षांचं झाड पार्किंगसाठी तोडायचं तर ३० रोपं लावून जगवायची, हा हिशेब मीटिंगमधे सांगितला की अर्ध्या लोकांचा उत्साह तिथेच मावळतो, माझा अनुभव आहे.

परवानगीचा कागद हातात आला तरी तो नीट वाचा. कुठली फांदी, किती, कधीपर्यंत हे त्यात असतं. छाटणीच्या दिवशी त्याची झेरॉक्स गेटवर चिकटवा म्हणजे समोरच्या बिल्डिंगमधून फोटो आला तरी चिंता नाही. आणि कोयतेवाल्याला वर चढवण्याआधी घरटं आहे का बघा, अंडी-पिल्लं असतील तर दोन-तीन आठवडे थांबा, फांदी कुठे पळून जात नाही.

हे सगळं मार्च-एप्रिलमधे सुरू करा. जूनचा पहिला वादळी पाऊस झाला की अर्जांचा ढीग पडतो. आणि गुलमोहर हे मादागास्करहून आलेलं झाड, लाकूड ठिसूळ, वाऱ्यात पहिलं तेच पडतं. झाड पडलं, गाडीवर किंवा रस्त्यावर आलं, तर तिथे अर्जबिर्ज काही नाही, १०१ ला अग्निशमन दलाला फोन, ते येऊन कापून बाजूला करतात. तसंच बुंध्याला गच्च पेव्हर ब्लॉक लावू नका, मीटरभर माती मोकळी ठेवा. आमच्या सोसायटीत ब्लॉक बसवणाऱ्याने अगदी बुंध्यापर्यंत सिमेंट आणलेलं, ते फोडून काढायला नंतर वेगळे पैसे दिले.

घराचं काम आणि राडारोडा

रंग, प्लास्टर, टाईल्स, किचनचा ओटा, फर्निचर यासाठी महापालिकेची परवानगी लागत नाही, सोसायटीला मात्र लेखी कळवायचं. पण भिंत पाडायची, बाल्कनी खोलीत घ्यायची, टेरेसवर शेड टाकायची, कॉलम-बीमला हात लावायचा, तर आधी बांधकाम विभाग आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर. 'सगळेच करतात' हे कॉन्ट्रॅक्टरचं आवडतं वाक्य आहे. नोटीस येते ती फ्लॅटमालकाला येते, कॉन्ट्रॅक्टरला नाही.

मग निघतो राडारोडा. बाहेरून आलेल्यांनी हा शब्द शिकून घ्या, पुण्यात फोडलेल्या टाईल्स, विटा, प्लास्टर, सिमेंटची ढेकळं या सगळ्याला राडारोडा म्हणतात. हा घंटागाडीत टाकता येत नाही आणि कचऱ्याच्या ताईंना द्यायचा नाही. एका बाथरूमच्या टाईल्स फोडल्या तरी पन्नास-साठ गोण्या सहज भरतात, तेवढ्या जिन्यात उभ्या राहिल्या की शेजाऱ्यांशी भांडण ठरलेलं. कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनमधे 'राडारोडा उचलणे' अशी एक ओळ असते, तिच्यासमोर पैसे लिहिलेले असतात पण कुठे नेऊन टाकणार हे लिहिलेलं नसतं. ते विचारा. रात्री अकरानंतर नदीकाठी, टेकडीच्या पायथ्याला, मोकळ्या प्लॉटवर रिकामे होणारे टेम्पो तुम्ही बघितले असतील, त्यातल्या एखाद्यात तुमच्याच जुन्या बाथरूमच्या टाईल्स असू शकतात.

महापालिकेचा राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प वाघोलीला आहे. तुमच्या वॉर्ड ऑफिसला फोन करून उचलायची सोय कशी, दर काय हे आधी विचारून घ्या आणि कॉन्ट्रॅक्टरला म्हणा की राडारोडा तिथे दिल्याची पावती आणली की शेवटचा हप्ता. हे वाक्य काम सुरू व्हायच्या आधी बोलायचं, नंतर बोललात तर तो तुमच्याकडे असं बघतो की जसं काही तुम्ही त्याची किडनी मागितली.

कर, थोडक्यात

फ्लॅट विकत घेतला असेल तर मिळकतकराच्या बिलावर आपलं नाव लावून घ्या, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) लागतं. स्वतः राहत असाल तर ४० टक्क्यांची सवलत आहे, २०१९ नंतर ती बऱ्याच जणांची गेली होती आणि २०२३ ला परत आली, त्यासाठी पीटी-३ नावाचा अर्ज भरून इथे स्वतः राहतो याचा पुरावा द्यावा लागतो. भाड्याने दिलेल्या घराला ती नाही. बिल मुदतीत भरलं तर थोडी सूट मिळते, थकवलं तर महिन्याला २ टक्के शास्ती, आणि ती वाढत जाते. सोलर, पावसाचं पाणी जिरवणं, गांडूळखत यातलं एक चालू असेल तर ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के अशीही सूट आहे, फक्त ते खरंच चालू असायला पाहिजे.

बाळ झालं किंवा घरात कोणी गेलं तर नोंद २१ दिवसांत. हॉस्पिटल ती पाठवतं, पण नावांची स्पेलिंगं त्याच वेळी तपासा, नंतरची दुरुस्ती म्हणजे चार चकरा.

नदीजवळ घर बघताय तर

पावसाळ्यात पुण्यात लोक एकमेकांना विचारतात, 'भिडे पूल गेला का पाण्याखाली?' डेक्कनजवळचा हा ठेंगणा पूल बुडाला की खडकवासल्यातून पाणी सोडलंय हे शहराला कळतं. वरती पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खाली खडकवासला अशी चार धरणं आहेत, आणि खडकवासला लहान असल्यामुळे भरलं की मुठेत सोडण्याशिवाय इलाज नसतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ते जुन्या पुणेकरांना अजून आठवतं, पण तितकं मागे जायला नको, २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रोडच्या एकता नगरीत तळमजल्यावरच्या लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढावं लागलं.

म्हणून नदी किंवा ओढ्याजवळ घर घेताना ब्रोकरला एकच विचारा, निळी रेषा कुठून जाते. जलसंपदा विभाग नदीकाठाला पूररेषा आखतो, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्या. विकास आराखड्याच्या नकाशात सर्व्हे नंबर घालून ती बघता येते, नाहीतर एखाद्या आर्किटेक्टला पाचशे-हजार देऊन बघून घ्या, साठ लाखाच्या फ्लॅटपुढे ते काहीच नाही. ब्रोकर 'रिव्हर व्ह्यू' म्हणाला की मी आधी तळमजल्याच्या भिंतीवर ओलीची रेघ आहे का ते बघतो.

काम अडलं तर

समजा सगळं नीट केलं, पोच घेतली, महिना गेला आणि काहीच नाही. आवाज चढवून उपयोग नसतो, टेबलावरच्या माणसाला रोज पन्नास जण ओरडून जातात.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार बऱ्याच सेवांना दिवस ठरवून दिलेत आणि ती यादी ऑफिसात बोर्डावर लावलेली असायला हवी. आपली सेवा त्या यादीत आहे का आणि किती दिवस हे वाचा. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला तर ३० दिवसांत पहिलं अपील वरच्या अधिकाऱ्याकडे, मग दुसरं, मग राज्य सेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपील करायची वेळ माझ्यावर आली नाही, पोच दाखवून 'याला किती दिवस आहेत हो?' एवढं शांतपणे विचारलं की फाईल सापडते.

नाहीच सापडली तर माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, आणि उत्तराला ३० दिवस. यात 'माझं काम का केलं नाही' असं विचारायचं नाही, 'का' ला उत्तर मिळत नाही. असं लिहायचं की आवक क्रमांक अमुक, दिनांक तमुक, या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची आणि टिपणीची प्रत मिळावी. म्हणजे ती फाईल कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून होती हे त्यांना स्वतःच्या अक्षरात लिहून द्यावं लागतं.

त्याच्याही आधी एक सोपा मार्ग आहे तो फार कमी लोकांना माहितीये. २०१८ साली सरकारने परिपत्रक काढलं की जिल्हा आणि स्थानिक संस्थांच्या ऑफिसात दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फाईली बघू द्यायच्या, अर्जाशिवाय. जाताना पोच, ओळखपत्र आणि वही न्या, कोणी 'असं काही नसतं' म्हणालं तर परिपत्रकाचं नाव काढा आणि खुर्ची ओढून बसा. पावणेतीनला पोचा, कारण साडेतीनला चहा येतो आणि मग साडेचारपर्यंत कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते तो माणूस सापडत नाही.